कलर ग्रेडिंगला एआयची मदत: प्रकाशाचा रंग कोणता आणि वस्तूचा रंग कोणता?

गिरणाकाठ (धागाकर्ता), जळगाव

मी जळगावात राहून लग्नसमारंभांच्या आणि अहिराणी गाण्यांच्या व्हिडिओंचे कलर ग्रेडिंग, म्हणजे चित्राचा रंग आणि उजेड जुळवण्याचे काम, करतो. चित्रीकरण माझे नसते. चोपडा, पाचोरा, एरंडोल, शिरपूर, साक्री येथील छायाचित्रकार हार्ड डिस्क पाठवतात. संकलन त्यांच्याकडे किंवा मिक्सिंगवाल्याकडे झालेले असते आणि रंगाचे काम तेवढे माझ्याकडे येते. लग्नसराईत एका आठवड्यात चार-चार ऑर्डरी साचतात. गेल्या दोन सीझनपासून मी या कामात एआयवर चालणारी साधने रोज वापरतो आहे. त्यांनी माझे कोणते कष्ट वाचवले, एकदा मला कसे तोंडघशी पाडले आणि त्यानंतर मी कामाचा क्रम कसा बदलला, हे सविस्तर लिहितो. याच कामातले बरेच जण येथे आहेत, त्यांचे अनुभवही वाचायला मिळावेत अशी इच्छा आहे.

आधी कामाचे स्वरूप सांगतो. एका लग्नाला तीन-चार कॅमेरे असतात: कॅण्डिडवाल्याचा सोनी, ट्रॅडिशनलवाल्याचा कॅनन, वरून डीजेआयचा ड्रोन. एकाने एस-लॉग ३ मध्ये (नंतर रंग देता यावा म्हणून फिके ठेवणारे प्रोफाइल) चित्रण केलेले असते, दुसऱ्याने थेट रेक. ७०९ मध्ये (टीव्हीवर दिसतात तसे नेहमीचे रंग), आणि ड्रोनचे प्रोफाइल तिसरेच असते. एका कॅमेऱ्याची फाइल १०-बिट असते, म्हणजे प्रत्येक मूळ रंगाच्या १०२४ पायऱ्या. दुसऱ्याची ८-बिट, म्हणजे २५६ पायऱ्या. त्याच मांडवात, त्याच क्षणी, त्याच नवरीचा शालू एका कॅमेऱ्यात डाळिंबी दिसतो आणि दुसऱ्यात विटकरी. हे सगळे एका ओळीत आणण्यातच माझा निम्म्याहून अधिक वेळ जात असे.

या ठिकाणी एआयचा उपयोग खरोखर होतो. दा विंची रिझॉल्व्ह या ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये २०१९ साली, म्हणजे सोळाव्या आवृत्तीत, न्यूरल इंजिन हा एआयचा भाग आला आणि सतराव्या आवृत्तीत मॅजिक मास्क, म्हणजे चित्रातली व्यक्ती आपोआप वेगळी काढणारे साधन. पूर्वी नवरीचा चेहरा तेवढा उजळायचा असेल, तर चेहऱ्यावर गोल विंडो काढून ती चेहऱ्याच्या हालचालीबरोबर ट्रॅक करावी लागे. तिने मान वळवली किंवा करवली मध्ये आली की ट्रॅक सुटे आणि मग फ्रेममागून फ्रेम हाताने दुरुस्त करत बसावे लागे. आता चेहऱ्यावर एक रेघ ओढली, की ती व्यक्ती शॉटभर वेगळी काढली जाते. यात आणखी एक फायदा आहे, ज्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. आपल्याकडचे बरेचसे फुटेज ४:२:० असते, म्हणजे त्यात रंगाची माहिती उजेड-अंधाराच्या माहितीच्या एक चतुर्थांशच साठवलेली असते. रंग निवडून मास्क करण्याची, म्हणजे हवा तो भाग वेगळा काढण्याची, जुनी पद्धत अशा फुटेजवर कडा कुरतडते. नवी पद्धत रंगावर अवलंबून न राहता आकार ओळखते, त्यामुळे स्वस्त कॅमेऱ्याच्या फाइलवरही कडा बऱ्यापैकी टिकतात. रात्रीच्या वरातीतले दाणेदार फुटेज साफ करण्यासाठी नॉइज रिडक्शनचाही असाच आधार होतो.

आता चुकीबद्दल लिहितो. पारोळा तालुक्यातल्या एका गावातली हळद होती. अंगणात पिवळ्या कापडाचा मांडव होता, वेळ भर दुपारची आणि कापडातून गाळून येणारे ऊन पिवळे. त्याखाली पिवळी साडी नेसलेली, हळदीने माखलेली नवरी आणि भोवती झेंडूच्या माळा. हातात तीन दिवस होते आणि दुसरी ऑर्डर डोक्यावर होती. मी सगळ्या क्लिपांना ऑटो कलर लावला, एका शॉटशी बाकीचे शॉट मॅच करून घेतले, वरवर नजर टाकली आणि रेंडरला, म्हणजे अंतिम फाइल बनवायला, लावले. स्क्रीनवर चित्र स्वच्छ आणि नितळ दिसत होते. चार दिवसांनी छायाचित्रकाराचा फोन आला. नवरीच्या आजींनी टीव्हीवर व्हिडिओ पाहून म्हटले होते, "आमनी हयद पिवयी व्हती, हाई तं धवयी दिसस." (आमची हळद पिवळी होती, ही तर पांढरी दिसते.) आजींचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. हळद फिकट खडूसारखी झाली होती, झेंडू उतरले होते आणि घरची पांढरी गाय निळसर दिसत होती. तो पूर्ण प्रसंग मी दोन रात्री बसून पुन्हा केला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

असे का झाले याचा मी नंतर विचार केला. आपोआप व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसेल अशी रंगदुरुस्ती, करण्याच्या सर्वांत जुन्या पद्धतींपैकी एक अशी, की चित्रातल्या सगळ्या रंगांची सरासरी करडी यावी असे गृहीत धरायचे. सरासरी पिवळी आली, तर तो प्रकाशाचा दोष मानून निळा वाढवायचा. आजची न्यूरल साधने यापेक्षा पुष्कळ हुशार आहेत, तरी मूळ अडचण तीच राहते: पडद्यावरच्या पिवळ्या पिक्सेलकडे पाहून तो पिवळा प्रकाशातून आला आहे की वस्तूतून, हे खात्रीने सांगता येत नाही. माझ्या त्या फुटेजमध्ये दोन्ही होते. कापडातून आलेला पिवळा थोडा कमी करायला हवा होता आणि हळदीचा पिवळा जसाच्या तसा राखायला हवा होता. साधनाने दोन्ही एकाच फडक्याने पुसून टाकले.

त्यानंतर मी क्रम बदलला. आधी प्रत्येक कॅमेऱ्याचे फुटेज त्याच्या प्रोफाइलप्रमाणे कलर स्पेस ट्रान्सफॉर्मने एका पातळीवर आणतो. हे शुद्ध गणित आहे, येथे एआयला विचारायचे काही नाही. मग क्लिपांचे गट करतो, आणि ते प्रसंगाप्रमाणे न करता प्रकाशाप्रमाणे करतो: कापडाखालची दुपार, घरातली ट्यूबलाइट, लॉनवरची संध्याकाळ, वरातीतले एलईडी. प्रत्येक गटातला एक शॉट पूर्णपणे हाताने, स्कोप (रंग आणि उजेड मोजून दाखवणारे आलेख) पाहून बसवतो. त्यानंतरच त्या गटापुरते शॉट मॅच वापरतो. एका गटातून दुसऱ्या गटात मॅच कधीही करत नाही. शेवटचा लूक (चित्राचा एकूण रंगभाव) पोस्ट-क्लिपच्या पातळीवर, म्हणजे गटातल्या सर्व क्लिपांवर मिळून, एकदाच देतो. या क्रमाने एका लग्नाचे रंगकाम, जे पूर्वी चार-पाच दिवस चालायचे, ते दोन दिवसांत होते आणि परत येत नाही.

मला विचारायचे आहे ते असे, की ज्या ठिकाणी रंग हीच मुख्य गोष्ट असते, तेथे आपण सर्व ही साधने कशी आवरता? आणि चित्रीकरणाच्या वेळीच काही काळजी घेतल्यास पुढचे काम सोपे होते काय?

लळिंग, धुळे

अतिशय उपयुक्त धागा. गटांची कल्पना मी आजच वापरून पाहणार आहे. एक शंका आहे. मी रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती वापरतो. त्यात यातले काय मिळते? शिवाय माझ्याकडे ४ जीबीचे ग्राफिक कार्ड आहे. मास्क आणि नॉइज रिडक्शन एकत्र लावले की ग्राफिक कार्डची मेमरी भरल्याचा संदेश येतो असे मित्रांकडून ऐकले आहे. नवीन मशीन घ्यावे की सशुल्क आवृत्ती?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

लळिंग भाऊ, कलर स्पेस ट्रान्सफॉर्म, गट, स्कोप आणि शॉट मॅच हे सारे मोफत आवृत्तीत आहे, म्हणजे मी सांगितलेल्या क्रमाचा कणा आपल्याला एक पैसा न देता उभा करता येईल. मॅजिक मास्क, डेप्थ मॅप (जवळचे-दूरचे वेगळे करणारे), फेस रिफाइनमेंट (चेहरा सुधारणारे) आणि नॉइज रिडक्शन यांसाठी स्टुडिओ आवृत्ती लागते. तिची किंमत एकदाच द्यायची असते, दरवर्षी नाही. ४ जीबीच्या कार्डावर ती घेऊन समाधान होणार नाही. आधी कार्ड घ्या, निदान ८ जीबीचे, आणि तोवर टाइमलाइन एचडीवर ठेवून काम करा.

आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की ग्राफिक कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. रात्री झपाट्याने होणारे ट्रॅकिंग दुपारी रेंगाळते, ते याच कारणाने. मी मास्कचे ट्रॅकिंग आणि नॉइज रिडक्शनचे कॅशिंग (प्रक्रिया आधीच करून साठवणे) रात्री दोननंतर लावतो आणि दिवसा फक्त निर्णयाचे काम करतो. मशीन कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. ती हवा गार असते खरी, पण ओलसर असते. माझ्या एका मदरबोर्डवर तिने गंज चढवला आहे.

केळीचा घड, रावेर

मी लग्नाच्या कामात नाही. केळी उत्पादकांसाठी छोटे व्हिडिओ करतो, पण धागाकर्त्यांचा हळदीचा अनुभव वाचून मला माझी गोष्ट सांगावीशी वाटली, कारण माझ्या कामात रंग चुकला तर माणसाचे नुकसान होते.

केळीवर कुकुंबर मोझॅक विषाणूचा प्रादुर्भाव झाला, ज्याला आपल्याकडे सीएमव्ही किंवा हरण्या म्हणतात, की कोवळ्या पानांवर पिवळसर पट्टे आणि ठिपके उमटतात. अशी झाडे लवकर ओळखून मुळासकट उपटून नष्ट करावी लागतात, नाहीतर मावा किडीमार्फत रोग बागभर पसरतो. गेल्या पावसाळ्यात मी एका बागेतल्या अशा पानांचे चित्रण केले. मोबाइलवरच्या संपादन ॲपमध्ये एक एआय बटण आहे, त्याने चित्र एकदम खुलते. मी ते दाबले. बाग हिरवीगार झाली. पानांवरचे पिवळे पट्टेही हिरव्याकडे सरकले आणि रोग जवळजवळ दिसेनासा झाला. व्हिडिओ टाकल्यावर विवऱ्याच्या एका शेतकरी काकांनी लिहिले, की माझ्या बागेतली पाने तुझ्या व्हिडिओतल्यासारखीच आहेत, म्हणजे माझी बाग निरोगी आहे ना? मी घाबरून लगेच फोन केला, त्यांच्या शेतात गेलो. सुदैवाने चार-पाचच झाडे होती.

त्या ॲपला वाटले असावे, की पान आहे म्हणजे हिरवेच असणार. त्याने पाहिलेल्या असंख्य पानांमध्ये बहुतेक निरोगीच असणार. तेव्हापासून माझा नियम असा, की रोगाचे, खताच्या कमतरतेचे किंवा फळाच्या पक्वतेचे चित्रण असेल, तर कोणतेही आपोआप रंग सुधारणारे साधन त्याला लावायचे नाही. फक्त एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स, तेही हाताने. बागेत पानांतून झिरपणारा प्रकाश स्वतःच हिरवा असतो, हे मात्र खरे. तेथे धागाकर्त्यांसारखीच माझीही पंचाईत होते. पानाचा हिरवा कुठे संपतो आणि सावलीचा हिरवा कुठे सुरू होतो, हे कसे ठरवावे?

टेबलटॉप, चाळीसगाव

केळीचा घड, तुमच्या प्रश्नाचे उत्तर फार जुने आणि स्वस्त आहे: करड्या रंगाचे कार्ड. १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे हे कार्ड पानाशेजारी, त्याच सावलीत पाच सेकंद धरा आणि ते चित्रित करा. कार्डाला स्वतःचा रंग नसतो, त्यामुळे त्यावर जो हिरवा दिसेल तो सगळा प्रकाशाचा. कार्ड करडे होईपर्यंत दुरुस्ती करा. त्यानंतर पानावर जो रंग उरेल तो पानाचा. धागाकर्त्यांचा जो मूळ प्रश्न आहे, प्रकाशाचा रंग कोणता आणि वस्तूचा कोणता, त्याचा निवाडा ते कार्ड करते. सॉफ्टवेअरला तो करता येत नाही याचे कारण त्याची हुशारी कमी आहे हे नसून त्याला आवश्यक तो पुरावा चित्रात मिळालेलाच नसतो हे आहे. रंगांची वेगळी पट्टी घ्यायची असेल तर २४ चौकोनांचा कलरचेकर मिळतो; रिझॉल्व्हमध्ये तो ओळखून शॉट बसवण्याची सोयही आहे.

माझी पार्श्वभूमी फिल्मच्या काळातली आहे. चाळीसगावात मोठी झाले, केकी मूस यांच्या गावात, म्हणून छायाचित्रणाविषयी पहिल्यापासून ओढ होती. १९१२ ते १९८९ एवढे त्यांचे आयुष्य. टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून त्यांनी केलेली टेबलटॉप छायाचित्रे आजही पाहण्यासारखी आहेत. पुढे मी रंगीत प्रिंट काढणाऱ्या प्रयोगशाळेत काम केले. तेथे शिकलेली एक गोष्ट या चर्चेत सांगणे मला आवश्यक वाटते.

प्रिंटचा रंग बसवण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुन्याचे कार्ड पाठवत असे. त्याला शर्ली कार्ड म्हणत. अनेक वर्षे त्यावर गोऱ्या कातडीची स्त्रीच होती आणि तिचा चेहरा बरोबर दिसला की मशीन बरोबर, असे मानले जाई. त्या मापाने काढलेल्या प्रिंटमध्ये सावळ्या माणसांचे चेहरे एक तर काळवंडत किंवा राखाडी होत. एआयच्या चेहरा ओळखणाऱ्या साधनांकडे मी याच आठवणीने पाहते. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी २०१८ साली तीन कंपन्यांच्या चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती आणि सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. ते ग्रेडिंगचे साधन नव्हते, हे मान्य. पण शिकवताना ज्यांचे चेहरे कमी दाखवले, त्यांच्याच बाबतीत चुका अधिक होतात, हे आपल्याही कामाला लागू आहे.

तेव्हा चेहरा सुधारणारी साधने वापरताना व्हेक्टरस्कोपवरची, म्हणजे रंगाची दिशा दाखवणाऱ्या स्कोपवरची, त्वचेची रेषा पाहत जा. माणूस गोरा असो वा सावळा, त्वचेच्या रंगाची दिशा त्या रेषेच्या आसपासच येते, कारण त्वचेखालचे रक्त सर्वांचे सारखेच लाल असते. फरक पडतो तो उजळपणात. कॅमेऱ्याचा झेब्रा (ठरावीक उजेडावर दिसणारे पट्टे) ७० टक्क्यांवर ठेवण्याची परंपरा गोऱ्या त्वचेसाठी होती. आपल्याकडे दिवसभर उन्हात राबणाऱ्या आई-वडिलांचा चेहरा वेव्हफॉर्मवर (उजेड दाखवणाऱ्या स्कोपवर) त्याच्या बराच खाली बसतो आणि तो तेथेच शोभतो. साधन तो वर ढकलू पाहते. तो ढकलू द्यायचा नाही.

गिरणाकाठ (धागाकर्ता)

ताई, मनापासून आभार. शेवटच्या परिच्छेदाबद्दल माझा अनुभव सांगतो. चेहरे गोरे करून द्या, अशी मागणी पार्टीकडून, म्हणजे लग्नघरातून, थेट येते आणि ती नाकारणे आम्हाला जड जाते. मी आता एक पद्धत ठेवली आहे. नवरीच्या चेहऱ्याला उजेड हवा असेल, तर मास्क फक्त चेहऱ्यापुरता न ठेवता मान, हात आणि खांद्यांपर्यंत नेतो आणि थोडासाच उजेड वाढवतो. रंगाला हात लावत नाही. चेहरा एका रंगाचा आणि हात दुसऱ्याच, असे व्हिडिओ मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यात ती मुलगी तिची स्वतःची वाटत नाही. पार्टीला गोरा केलेला आणि माझ्या पद्धतीचा असे दोन्ही नमुने शेजारी ठेवून दाखवले, की निदान मुलीची आई तरी माझ्या पद्धतीचा नमुना निवडते.

सातपुड्याचा, अक्कलकुवा

काठी गावच्या राजवाडी होळीचे चित्रण मी तीन वर्षे करतो आहे. रात्रभर ढोल वाजतात, मोरपिसांचे टोप घातलेले नाचे फेर धरतात, पहाटे होळी पेटते. त्या उजेडात बॅटरीवरचा दिवा लावणे मला योग्य वाटत नाही. लोक आपल्या देवाच्या कार्यात असतात आणि आपण पाहुणे असतो. त्यामुळे सारे चित्रण ज्वाळांच्या प्रकाशात होते. लाकडाच्या ज्वाळेचे रंगतापमान सुमारे २००० केल्विन, म्हणजे दिवसाच्या ५६०० केल्विनपेक्षा कितीतरी अधिक तांबूस.

मी एका कॉम्प्युटरवाल्याकडे ते फुटेज संकलनाला दिले होते. परत आले तेव्हा अंगावरचे पांढरे ठिपके शुभ्र होते, चेहरे व्यवस्थित दिसत होते आणि होळी मात्र दुपारी पेटवल्यासारखी दिसत होती. गावातल्या पोरांनी पाहून विचारले, की ही आपलीच होळी का. करडे कार्ड धरून दुरुस्ती केली तरी हेच होईल, कारण येथे प्रकाशाचा रंग हाच प्रसंग आहे. तेव्हा ताईंच्या नियमाला माझी ही पुरवणी आहे: प्रकाशाचा रंग ओळखा अवश्य, पण ओळखला म्हणून काढून टाकलाच पाहिजे असे नाही.

मी आता कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनवर पक्का ठेवतो, ज्वाळा तांबड्याच राहू देतो आणि एआयकडून फक्त नॉइज काढून घेतो. तेही बेताने. जास्त लावले की अंगावरची रंगवलेली नक्षी आणि मोरपिसांचे तंतू दोन्ही मेणासारखे गुळगुळीत होतात, कारण बारीक नक्षी आणि नॉइज यांतला फरक त्याला दर वेळी कळत नाही.

टेबलटॉप, चाळीसगाव

सातपुड्याचा, तुमची पुरवणी पूर्ण मान्य. मी कार्डाची महती सांगताना ती बाजू सोडली होती.

मिक्सिंग लॅब, भुसावळ

सर्वांचे अनुभव वाचले. माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते स्पष्टपणे मांडतो. माझी लॅब वीस वर्षांपासून चालते. माझ्याकडे येणारा फुल व्हिडिओ तीन-साडेतीन तासांचा असतो. त्यात आहेर देणारे अडीचशे पाहुणे एकामागून एक स्टेजवर येतात. त्या भागाला शॉटगणिक हाताने रंग देणे वेळेत बसत नाही आणि पार्टी त्याचे पैसेही देत नाही. तेथे मी सरसकट ऑटो लावतो आणि मला आजवर तक्रार आलेली नाही. प्रीमिअर या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या लुमेट्री या रंगाच्या भागात २०१८ पासून कलर मॅच आहे, त्यात चेहरा ओळखून त्वचेप्रमाणे जुळवण्याचा पर्यायही आहे. स्टेजच्या कामाला तो उत्तम चालतो. प्रत्येक ठिकाणी कार्ड धरा, गट करा, असे सांगितले तर तालुक्याच्या ठिकाणी नव्याने धंद्यात आलेली मुले घाबरून जातील. आधी त्यांचे पोट चालले पाहिजे.

गिरणाकाठ (धागाकर्ता)

अण्णा, आपल्या म्हणण्यात बरेच तथ्य आहे. स्टेजवरचा आहेर हा एकाच प्रकाशातला, एकाच कोनातला, तासभर न बदलणारा प्रसंग आहे. माझ्या भाषेत तो एकच गट आहे, म्हणून तेथे सरसकट लावलेले चालते. मीही तेथे एक शॉट बसवून बाकीचे साधनावर सोपवतो. आपण आणि मी तेथे एकच काम करतो आहोत, मी फक्त पहिला शॉट हाताने करतो, त्याला दहा मिनिटे लागतात.

पण त्याच स्टेजवर मागे एलईडी वॉल असेल आणि तिच्यावरचे चित्र दर पाच सेकंदांनी बदलत असेल, तर सरसकट ऑटो फसते असा माझा अनुभव आहे. वॉल निळी झाली की साधन चेहरे तांबूस करते, वॉल लाल झाली की निळसर करते आणि नवरा-नवरी स्थिर उभे असताना त्यांचा रंग श्वास घेतल्यासारखा हलत राहतो. अशा वेळी मी मॅजिक मास्कने दोघांना वेगळे काढतो, त्यांना एक स्थिर रंग देतो आणि मागची वॉल तशीच सोडतो. वरातीतल्या गडद निळ्या पार लाइटचे (रंगीत स्टेज-दिव्याचे) मात्र कोणत्याच साधनाने भले होत नाही. त्या उजेडात तांबड्या आणि हिरव्या वाहिनीत जवळजवळ काही नोंदलेच गेलेले नसते; जे नोंदले नाही ते परत कसे आणणार? तेथे मी रंग थोडा उतरवून शॉट पटकन संपवण्याची विनंती संकलकाला करतो.

वांगं-भाकर, यावल

मी खाद्यपदार्थांचे व्हिडिओ करते. थोडक्यात लिहिते. बामणोदची भरताची वांगी आतून पांढरट हिरवी असतात आणि कपाशीच्या काड्यांवर भाजून बडग्यात ठेचली की भरितालाही तीच हिरवट झाक येते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तो रंग ही त्याची ओळख आहे. ऑटो कलर लावला की ती हिरवट झाक दोष समजून त्यात जांभळट छटा मिसळली जाते आणि भरीत शिळे दिसते. लोकांनी कमेंटमध्ये विचारले, की ताई, हे कालचे आहे काय. आता वर लिहिलेले कार्ड मागवले आहे. चुलीशेजारी धरले तर धुराने काळे होईल अशी भीती वाटते, त्यावर काही उपाय?

टेबलटॉप, चाळीसगाव

यावलच्या ताई, प्लॅस्टिकचे, ओल्या फडक्याने पुसता येणारे कार्ड घ्या, कागदी घेऊ नका. आणि ते चुलीच्या वर न धरता परातीशेजारी, भरीत ज्या उजेडात आहे त्याच उजेडात ठेवा. जाळ दिसणाऱ्या शॉटसाठी मात्र सातपुड्याच्या भाऊंचे ऐका, तेथे कार्ड विसरा.

नवखा, अमळनेर

मी यंदाच शिक्षण संपवून या कामात आलो आहे. इंटरनेटवर काही सेवा आहेत, जेथे व्हिडिओ चढवला की तो आपोआप ग्रेड होऊन परत मिळतो. सुरुवातीला तसे केले तर चालेल का?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

शिकण्यासाठी एखादी क्लिप देऊन पाहायला हरकत नाही, पण पार्टीचे फुटेज त्यांना न विचारता कुठल्याही सर्व्हरवर चढवू नका. त्यात घरातल्या बायकामुली, दागिने, घराची आतली बाजू असे सगळे असते. लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवून ते दिलेले असते. रिझॉल्व्हमधली मी सांगितलेली साधने आपल्याच मशीनवर चालतात, फुटेज बाहेर जात नाही.

दुसरे असे, की महिनाभर एकही ऑटो बटण न दाबता काम करा. पडद्याचा व्हाइट पॉइंट डी ६५ वर (दिवसाच्या उजेडाचा प्रमाण पांढरा) ठेवा, खिडकीला जाड पडदा लावा, वेव्हफॉर्म आणि व्हेक्टरस्कोप उघडे ठेवून रोज दहा शॉट जुळवा. त्यानंतर साधन वापराल तेव्हा ते कुठे चुकले हे तुम्हाला पहिल्या नजरेत दिसेल. मी हे उलट क्रमाने शिकलो असतो, तर पारोळ्याची चूक आजींनी दाखवल्यावरही मला दुरुस्त करता आली नसती.

गिरणाकाठ (धागाकर्ता), अकरा दिवसांनी

धाग्यातल्या सूचना वापरून पाहिल्या, त्याचे येथे कळवतो. काल एरंडोल तालुक्यातल्या एका हळदीचे फुटेज आले. छायाचित्रकाराला मी आधीच करडे कार्ड पाठवले होते आणि नवरीला पाटावर बसवण्यापूर्वी, मांडवाच्या कापडाखाली, दहा सेकंद ते धरायला सांगितले होते. कापड या वेळी गुलाबी होते. कार्डावर गुलाबी रंग स्पष्ट दिसत होता. तो मी साधारण दोन तृतीयांश काढला आणि एक तृतीयांश ठेवला, कारण सातपुड्याच्या भाऊंचे म्हणणे डोक्यात होते: मांडवाखाली बसल्याची जाणीव त्या उजेडातूनच येते. मग हा शॉट आधार धरून त्या गटातल्या बाकीच्या क्लिपांना मॅच लावला. पिवळा पिवळाच राहिला. हळदीच्या वाटीतला ओला पिवळा आणि गालावर वाळत आलेला पिवळा यांतला फरकसुद्धा टिकला, जो मागच्या वेळी पहिल्यांदा नाहीसा झाला होता.

एक अडचण मात्र आली. कार्ड फक्त कॅण्डिडच्या कॅमेऱ्याने घेतले होते, ट्रॅडिशनलवाला तेव्हा जेवायला गेला होता. त्याच्या क्लिपा पहिल्या कॅमेऱ्याशी मॅच केल्यावर हळद जुळली, पण मागे उभ्या असलेल्या मामांचा पांढरा सदरा हिरवट आला. तो मी हाताने काढतो आहे. ट्रॅडिशनलवाल्यालाही वेगळे कार्ड पाठवले आहे आणि पुढच्या ऑर्डरीला, शिरपूरला, दोन्ही कॅमेरे एकाच वेळी कार्डाकडे वळवायचे असे ठरले आहे. त्याचा निकाल आला की येथेच लिहीन.